एका हाताचे जेवण

सँडविचच्या जन्माची गोष्ट बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन माँटेग्यू नावाचे एक उमराव होते. केंट परगण्यातल्या सँडविच या गावाच्या नावाने त्यांच्या घराण्याची सरदारकी चालत आलेली. पत्त्यांच्या जुगारात ते इतके रंगून जात, की जेवायला उठणे त्यांच्या जिवावर येई. मग भाजलेले मांस पावाच्या दोन कापांमध्ये घालून टेबलावरच आणण्याचा हुकूम सुटे. एका हातात पत्ते आणि दुसऱ्या हातात जेवण! उमरावाचे नाव त्या खाण्याला चिकटले आणि उमरावापेक्षा खाणेच जास्त प्रसिद्ध झाले.

गोष्ट मजेदार असली, तरी तिचा पाया तसा कच्चा आहे. प्येर-जाँ ग्रोस्ले हा फ्रेंच लेखक १७६५ मध्ये लंडनला गेला होता. त्याचे लंडनवरचे पुस्तक १७७० मध्ये प्रसिद्ध झाले. जुगाराच्या टेबलावर २४ तास बसून राहिलेल्या एका मंत्र्याचा हा किस्सा त्याने त्यात सांगितला, आणि पुढे तोच सगळीकडे पसरला. माँटेग्यू यांचे अलीकडचे चरित्रकार एन. ए. एम. रॉजर यांना मात्र तो फारसा पटत नाही. माँटेग्यू तीन वेळा ब्रिटिश नौदलाचे प्रमुख होते आणि कामात बुडालेले असत. कॅप्टन कुक यांनी १७७८ मध्ये हवाई बेटांना ‘सँडविच बेटे’ असे नाव दिले, ते याच माँटेग्यूंच्या सन्मानार्थ. तेव्हा पहिले सँडविच जुगाराच्या टेबलापेक्षा कचेरीच्या मेजावर, कागदपत्रांच्या ढिगाशेजारी खाल्ले गेले असण्याची शक्यता अधिक, असे रॉजर यांचे म्हणणे आहे.

पत्ते असोत की कागदपत्रे, मुद्दा एकच राहतो. सँडविच जन्माला आले ते हातातले काम न थांबवता पोट भरण्यासाठी. गेल्या अडीचशे वर्षांत ते जगभर पसरले तेही याच गुणामुळे. आणि आरोग्याच्या दृष्टीने पाहिले, तर त्याची सर्वांत मोठी अडचणही हाच गुण आहे. सँडविचवर बोलताना सगळा राग मैदा, लोणी आणि चीज यांच्यावर निघतो. तो अगदीच अनाठायी नाही. पण खाणाऱ्याचे लक्ष खाण्यावर नसणे, या गोष्टीची चर्चा क्वचितच होते.

दोन पदरांमध्ये काहीतरी घालून खाण्याची कल्पना माँटेग्यूंच्या कितीतरी आधीची आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात जेरुसलेममध्ये हिलेल नावाचे ज्यू धर्मगुरू होऊन गेले. वल्हांडणाच्या सणाला बेखमीर भाकरीबरोबर कोकराचे मांस आणि कडू पालेभाजी एकत्र धरून खाण्याची प्रथा त्यांच्या नावाने सांगितली जाते. मध्ययुगीन युरोपात शिळ्या पावाचा जाड काप हेच ताट असे. आपल्याकडेही शेताच्या बांधावर भाकरी हातावर घेऊन तिच्यावरच झुणका, ठेचा आणि कांदा ठेवून खाण्याची रीत जुनीच आहे. तेव्हा माँटेग्यूंनी काही नवा पदार्थ शोधला नाही. नवी होती ती खाण्यामागची भूमिका. बांधावरचा शेतकरी भाकरी खाताना नांगर सोडून सावलीत बसतो. सँडविचमध्ये नांगर सोडायचा नाही, असे ठरलेले असते.

हा पदार्थ आधी श्रीमंतांचा होता. ‘सँडविच’ हा शब्द खाण्याच्या अर्थाने लिहिला गेल्याची सर्वांत जुनी ज्ञात नोंद इतिहासकार एडवर्ड गिबन यांच्या रोजनिशीत आहे. तारीख आहे २४ नोव्हेंबर १७६२. लंडनच्या ‘कोको ट्री’ या क्लबात राज्यातली बडी मंडळी छोट्या छोट्या टेबलांवर थंड मांस किंवा सँडविच खात बसल्याचे त्यांनी लिहून ठेवले आहे. पुढच्या शंभर वर्षांत चित्र पालटले. कारखाने आले, रेल्वे आली, घर आणि कामाची जागा यांच्यातले अंतर वाढले. हेन्री मेह्यू यांनी १८५१ मध्ये लंडनच्या कष्टकऱ्यांवर जे मोठे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात नाटकगृहांबाहेर रात्री हॅम सँडविच विकणारे फेरीवाले भेटतात. उमरावाचे खाणे तोवर रस्त्यावर आले होते.

त्यानंतरचा प्रत्येक टप्पा वेळ वाचवणारा ठरला. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात चिलिकॉथी या गावी ७ जुलै १९२८ रोजी ऑटो रोहवेडर यांच्या यंत्रावर कापलेला पाव प्रथम विक्रीला आला. सुरीचे काम संपले. इंग्लंडमधल्या चॉर्लीवुडच्या संशोधन केंद्राने १९६१ मध्ये पीठ अतिवेगाने मळण्याची पद्धत काढली. पीठ आंबण्यासाठी जे तास लागत, ते त्यामुळे वाचले आणि हलक्या प्रतीच्या गव्हापासूनही मऊ, फुगीर, स्वस्त पाव निघू लागला. १९८० मध्ये मार्क्स अँड स्पेन्सर या ब्रिटिश दुकानसाखळीने तयार सँडविच पाकिटात घालून विकायला सुरुवात केली. आता ते करायलाही वेळ नको आणि खायलाही नको, असे झाले.

मुंबईची वाट वेगळी, पण दिशा तीच. पाव हा शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि गोव्याच्या पोदेरांनी तो घरोघर पोहोचवला. खमीर मिळत नसे तेव्हा माडाची सूर घालून ते पीठ फुगवत. मुंबईत पाव स्थिरावला तो गिरण्या आणि लोकलच्या वेळापत्रकात. दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कागदात गुंडाळलेला वडापाव चालता चालता, गाडी पकडता पकडता खाता येतो. तो अस्सल मराठी चवीचा असला, तरी व्याख्येने सँडविचच आहे. त्याच्याच जोडीला हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, काकडी, टोमॅटो, बीट आणि कांदा यांचे थर लावलेले ‘बॉम्बे सँडविच’ आले. हातात धरायच्या टोस्टरमध्ये घालून शेगडीवर भाजलेल्या या सँडविचने कॉलेजांच्या आणि कचेऱ्यांच्या दारात आपले राज्य उभे केले. आता तेच मोबाइलवर मागवता येते आणि थेट कॉम्प्युटरच्या कीबोर्डशेजारी येऊन पडते.

इथे वैद्यकशास्त्राचा संबंध येतो. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४४ जणांना दुपारचे सारखेच जेवण दिले. त्यांतल्या निम्म्यांनी ते शांतपणे खाल्ले. उरलेल्यांना जेवता जेवता कॉम्प्युटरवर पत्त्यांचा सॉलिटेअर हा खेळ खेळायला सांगितले होते. जेवण तेवढेच असूनही खेळणाऱ्यांना पोट कमी भरल्यासारखे वाटले. अर्ध्या तासाने समोर बिस्किटे ठेवली, तेव्हा त्यांनी ती बरीच जास्त खाल्ली. आपण कोणता पदार्थ कोणत्या क्रमाने खाल्ला, हेही त्यांना नीट आठवेना. पत्ते आणि जेवण यांची जी जोडी माँटेग्यूंच्या नावावर खपते, तिचीच ही प्रयोगशाळेतली तपासणी म्हणायची!

प्रयोग लहान होता. पण अशा २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये घेतला गेला, तेव्हाही निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. लक्ष दुसरीकडे असताना माणूस त्या वेळी थोडे जास्त खातो आणि नंतरच्या खाण्यात त्याहूनही जास्त खातो.

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. पोट भरल्याची जाणीव फक्त जठर ताणल्याने होत नाही. अन्न आतड्यात उतरू लागले की तिथून काही संप्रेरके स्रवतात आणि ‘आता पुरे’ हा निरोप मेंदूपर्यंत जातो. या निरोपाला साधारण १५ ते २० मिनिटे लागतात. सँडविच पाच मिनिटांत संपते. निरोप पोहोचतो तेव्हा खाणाऱ्याने वेफर्सचे पाकीट उघडलेले असते.

दुसरा भाग स्मरणाचा. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्मृती जवळजवळ पूर्ण गेलेल्या दोन रुग्णांना जेवण दिले गेले. १० ते ३० मिनिटांनी पुन्हा जेवण समोर ठेवले, तर त्यांनी तेही खाल्ले. आणि बहुतेकदा तिसऱ्याला हात घातला. पोट रिकामे नव्हते; जेवल्याची आठवण रिकामी होती. निरोगी माणसाचे इतके टोक होत नाही. पण ई-मेलला उत्तर देताना खाल्लेल्या सँडविचची आठवण पुसटच राहते. मग चार वाजता भूक लागते आणि दोष पचनाला दिला जातो.

आता पावाकडे वळू. पांढऱ्या पावाला पर्याय म्हणून ‘ब्राऊन ब्रेड’ घेतला की काम झाले, असा समज घट्ट आहे. पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने वाढते, हे मोजण्याचा ग्लायसेमिक इंडेक्स नावाचा एक निर्देशांक आहे. त्यात ग्लुकोजला १०० गुण आहेत. २००८ च्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात पांढऱ्या पावाचा सरासरी निर्देशांक ७५ आहे आणि गव्हाच्या पिठाच्या पावाचा ७४. फरक जवळपास नाहीच. कारण सोपे आहे. धान्य कोंड्यासकट दळले, तरी ते अगदी बारीक दळले की त्यातला स्टार्च तितक्याच झटपट पचतो. कोंडा असलेल्या पावात तंतू आणि काही जीवनसत्त्वे जास्त असतात, म्हणून तो घ्यावा हे खरेच. पण साखर वाढणार नाही या भरवशावर मधुमेहींनी तो मनमुराद खाऊ नये. शिवाय पावाचा तपकिरी रंग कधी कधी कॅरॅमलचाही असतो. पाकिटामागची घटकांची यादी वाचावी. यादीत पहिले नाव मैद्याचे असेल, तर समोरच्या बाजूला काहीही छापलेले असो, तो मैद्याचाच पाव आहे.

मात्र मैद्यापेक्षाही जास्त काळजी करावी, असा एक घटक पावात दडलेला आहे. तो म्हणजे मीठ. पाव खारट लागत नाही, म्हणून त्यात मीठ असते हेच लक्षात येत नाही. १०० ग्रॅम पावात साधारण एक ते सव्वा ग्रॅम मीठ असते. म्हणजे दोन कापांमधून अर्ध्या ग्रॅमहून थोडे जास्त मीठ पोटात जाते, तेही आत काही भरण्याआधी. प्रक्रिया केलेल्या चीजच्या एका चकतीत आणखी अर्धा ते पाऊण ग्रॅम. मग खारे लोणी, चटणी, चाट मसाला, शेव आणि बाजूला सॉस. तीन कापांचे एक मसाला चीज टोस्ट सँडविच दोन ग्रॅम मिठाच्या पुढे सहज जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी घातलेली मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी आहे. भारतीयांचे सरासरी सेवन आठ ग्रॅमच्या आसपास असल्याचे राष्ट्रीय पातळीवरच्या पाहणीत दिसले आहे. आयसीएमआर-इंडियाब या मोठ्या पाहणीच्या २०२३ मधल्या अहवालानुसार देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. ‘जेवणात वरून मीठ घेत नाही’ असे सांगणाऱ्या अनेकांचा रक्तदाब का उतरत नाही, याच्या उत्तराचा एक भाग पाव, बिस्किटे, फरसाण आणि लोणच्यात असतो.

यावर उपाय आहे, आणि तो सँडविचच्या मायदेशातच करून दाखवला गेला. ब्रिटनमध्ये सरकारी अन्न यंत्रणेने पाव आणि इतर तयार पदार्थांतल्या मिठासाठी टप्प्याटप्प्याने उद्दिष्टे ठरवून दिली. उत्पादकांनी मीठ एकदम न कापता वर्षानुवर्षे थोडे थोडे उतरवले. २००१ मध्ये १०० ग्रॅम पावात सरासरी १.२३ ग्रॅम मीठ होते. २०११ मध्ये ते ०.९८ ग्रॅमवर आले. लोकांच्या जिभेला त्याचा पत्ताही लागला नाही. चव हळूहळू बदलली की जीभ तक्रार करत नाही. २००३ ते २०११ या काळात तिथले रोजचे सरासरी सेवन ९.५ ग्रॅमवरून ८.१ ग्रॅमपर्यंत घटले, आणि लोकांचा सरासरी वरचा रक्तदाबही सुमारे तीन अंकांनी उतरला. या घसरणीचे सगळे श्रेय मिठाला देता येणार नाही. औषधोपचार सुधारले, धूम्रपान कमी झाले, हेही त्यात आले. तरी एका माणसाला कोणताही पथ्याचा उपदेश न करता कोट्यवधी लोकांच्या ताटातले मीठ कमी करता येते, हे या उदाहरणाने सिद्ध केले.

आपल्याकडे हे का होऊ नये? पावाच्या बाबतीत नियम करता येतात, हे भारतात आधी दिसलेले आहे. २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने पाव आणि बेकरी पदार्थांचे ३८ नमुने तपासले. त्यांतल्या ३२ नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट या रसायनांचे अंश आढळले. कर्करोगाच्या शक्यतेमुळे ब्रोमेट अनेक देशांनी आधीच बंद केले होते. बातमी आल्यानंतर काही आठवड्यांतच भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने त्यावर बंदी घातली. मीठ हे काही विष नव्हे, त्यामुळे त्याच्यावर बंदीचा प्रश्नच येत नाही. पण बंद पाकिटातल्या पावासाठी मिठाची मर्यादा ठरवणे आणि ती दर दोन-तीन वर्षांनी थोडी खाली आणणे, हे जमण्यासारखे काम आहे. पाकिटावर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. त्याऐवजी मिठाचे ग्रॅम ठळक छापले, तर सामान्य माणसाला ते समजेल. तोवर एक साधे गणित लक्षात ठेवता येईल. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ.

दुसरी गोष्ट नियमांपेक्षा रोजच्या कामाच्या रीतीशी निगडित आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगारांना सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची सुट्टी बंधनकारक केली होती. ती सुट्टी मोठ्या संघर्षातून आलेली होती. आज वातानुकूलित कचेरीत, लठ्ठ पगारावर काम करणारा तरुण स्वतःहून तो अर्धा तास सोडून देतो. मीटिंगमध्येच सँडविच मागवणे हे कार्यक्षमतेचे लक्षण समजले जाते. दुसऱ्या टोकाला घरपोच सामान पोहोचवणारा मुलगा, बसचा वाहक, रात्रपाळीची परिचारिका आहेत. त्यांना बसून जेवायला कुणी वेळच देत नाही. त्यांना ‘सावकाश, चावून खा’ असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे. त्यांच्यासाठी वडापाव हा उपाशी राहण्यापेक्षा नक्कीच बरा आहे, आणि तो खाल्ल्याबद्दल त्यांना अपराधी वाटायला लावण्याचा अधिकार कुणालाच नाही. ज्यांच्या हातात कामाच्या वेळा ठरवणे आहे, त्यांनी जेवणाची वीस मिनिटे ही सवलत न समजता कामाचाच भाग मानावा. रक्तदाब आणि मधुमेहाच्या औषधांपेक्षा ती खूप स्वस्त पडतात.

राहिला प्रश्न सँडविच खायचे की नाही, याचा. जरूर खावे. मुंबईच्या रस्त्यावरचे भाज्यांचे सँडविच अनेक महागड्या बर्गरांपेक्षा उजवे आहे, कारण त्यात काकडी, टोमॅटो, बीट डोळ्यांसमोर कापून घातलेले असतात. फक्त भाज्या धुतलेल्या आहेत का आणि चटणी कोणत्या पाण्यात वाटली आहे, हे पावसाळ्यात तरी पाहावे. टोस्टरच्या उष्णतेने बाहेरचा पाव खरपूस होतो, पण आतली चटणी उकळत नाही. घरी करताना तीनऐवजी दोनच काप घ्यावेत. आत बटाट्याऐवजी उकडलेले अंडे, पनीर, कुस्करलेले छोले किंवा मोड आलेली मटकी घातली, तर प्रथिने मिळतात आणि साखर सावकाश चढते. लोणी आणि चीज यांपैकी एकच. चटणीत मीठ असतेच, मग वरून चाट मसाला कशाला? अंडे किंवा मेयोनीज घातलेले सँडविच उन्हाळ्यात दोन तासांहून जास्त वेळ डब्यात बाहेर ठेवू नये. आणि पोळीत भाजी गुंडाळून मुलांच्या डब्यात दिली, तर तेही सँडविचच आहे. त्यात मीठ किती घालायचे, हे बेकरी नव्हे, घर ठरवते.

आणि खाताना ते खाली ठेवण्याची सोय असावी. बशीत घ्यावे, मोबाइल पालथा घालावा, एका घासानंतर दुसरा घ्यावा. माँटेग्यूंच्या नावाच्या या खाण्याने माणसाचा एक हात मोकळा केला, ही त्याची देणगी. त्या मोकळ्या हाताला लगेच कामाला जुंपलेच पाहिजे, असे मात्र वैद्यकशास्त्रात कुठेही लिहिलेले नाही.